कृष्णाकाठच्या बँकांचं काय झालं?

जानेवारी 2006 मध्ये कुरुंदवाडच्या गणेश बँकेवर केंद्र सरकारने मोरॅटोरियम, म्हणजे व्यवहारांवर तात्पुरती बंदी, लावला. सप्टेंबर उजाडला आणि साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर तीच वेळ आली. पुढच्या एप्रिलमध्ये सांगली बँकेच्या पाट्या उतरल्या आणि त्या जागी आयसीआयसीआयच्या चढल्या. सव्वा वर्षात तीन बँका गेल्या: एक 86 वर्षांची, एक सत्तरीची, एक नव्वदी गाठलेली. मिरज स्टेट बँक त्याआधीच, 1985 साली, युनियन बँकेत विलीन झाली होती आणि बँक ऑफ कराड 1992 मध्ये बुडाली होती. सातारा ते कोल्हापूर या सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यातल्या ज्या सहा बँकांची नावं जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहेत, त्यांतली फक्त कोल्हापूरची रत्नाकर बँक आज उभी आहे. तिचंही नाव आता रत्नाकर राहिलेलं नाही.

या भागात बँकांचा विषय निघाला की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, मुंबईने आणि रिझर्व्ह बँकेने मिळून आमच्या बँका गिळल्या. दोन, संचालकांनीच त्या खाल्ल्या. दोन्हींत तथ्य आहे, पण सहाही बँकांची कागदपत्रांवरची वाट नीट पाहिली तर एक तिसरीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ती म्हणजे भांडवल आणि ताबा यांचं न जुळलेलं गणित. बाहेरचं भांडवल आणलं की ताबा जातो, ताबा धरून ठेवला की भांडवल येत नाही. गावच्या बँकेला शंभर वर्षांत हा पेच सोडवता आला नाही.

सुरुवात स्वदेशीच्या दिवसांतली. 1905 च्या चळवळीनंतर या खोऱ्यात उद्योगांचं वारंच शिरलं होतं. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, 1916 मध्ये कराडजवळ ओगल्यांचा काचकारखाना निघाला. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी 1907 मध्ये सातारा स्वदेशी कमर्शियल बँक काढली, 1913 मध्ये वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली आणि 1936 मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक स्थापली. एकाच माणसाने जिल्ह्याच्या गावात राहून दोन बँका आणि एक विमा कंपनी उभी करावी, हे आज वाचताना अचंबा वाटतो. सांगली बँकेचा जन्म 1916 चा. 1913-14 मध्ये लाहोरची पीपल्स बँक, मुंबईची इंडियन स्पेसी बँक अशा नामांकित स्वदेशी बँका कोसळल्या होत्या आणि लोकांचा बँक या प्रकारावरचाच विश्वास उडाला होता. त्यानंतर दोन-तीन वर्षांत सांगलीसारख्या संस्थानी गावात बँकेचं दुकान मांडायला छातीच हवी. 1920 मध्ये कुरुंदवाड, 1929 मध्ये मिरज, 1943 मध्ये कोल्हापूर, 1946 मध्ये कराड अशी ही रांग पुढे वाढत गेली.

या बँका नेमक्या कोणासाठी होत्या? बँक ऑफ बाँबेसारख्या इंग्रजी वळणाच्या बँकांना कापसाचे बडे व्यापारी हवे असत. शेतकरी आणि छोटा दुकानदार सावकाराच्या दारात. सावकारीचा इतिहास इथून फार लांबचा नाही. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली होती. सावकार आणि साहेबाची बँक यांच्या मधली जी जागा मोकळी होती, ती गावच्या वकील, व्यापारी, डॉक्टर, इनामदार मंडळींनी भरली. आडत्याच्या हुंड्या वटवायच्या, गुळावर आणि हळदीवर उचल द्यायची, सोनं तारण ठेवून घ्यायचं, असा धंदा.

हळदीचंच उदाहरण घ्या. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद साठवायची पद्धत होती. भाव येईपर्यंत माल पेवात पडून राहायचा. मालाची प्रत काय, ओल लागली आहे का, पेव कोणाचं, मालक भाव पडल्यावर हात वर करणारा आहे की शब्दाला जागणारा, हे सांगलीच्या पेठेत वावरलेल्या माणसालाच कळतं. मुंबईच्या अधिकाऱ्याला त्यासाठी अहवाल मागवावा लागतो आणि अहवाल येईपर्यंत हंगाम संपतो. गावच्या बँकेची सगळी कमाई या माहितीत होती.

ही माहिती बँकेपर्यंत येण्याचा एक मार्ग म्हणजे पिग्मी एजंट. पिग्मी ठेव ही मूळची उडुपीची. 1928 साली तिथल्या सिंडिकेट बँकेने दोन आण्यांपासून रोजची ठेव गोळा करायला सुरुवात केली आणि ती कल्पना कर्नाटकातून वर सरकत महाराष्ट्रात मुरली. संध्याकाळी खांद्याला पिशवी लावून पानपट्टी, शिंपी, किराणा, सलून असं दुकान ते दुकान फिरणारा हा माणूस. कार्डावर आकडा, पावतीवर सही, जमल्यास अर्धा कप चहा. त्याला बँकेकडून मिळतं ते कमिशन. पण कोणत्या दुकानदाराने चार दिवस 'उद्या या' म्हटलं, कोणाच्या दुकानात माल कमी दिसतोय, कोणाकडे भावांत वाटणी सुरू आहे, हे त्याला शाखाधिकाऱ्याच्या आधी ठाऊक असतं. आजचा सिबिल स्कोअर मागच्या हप्त्यांवरून माणूस ओळखतो. पिग्मी एजंट पुढचा हप्ता चुकणार हे आधीच ओळखायचा. अर्थात त्याच ओळखीतून जातीतल्याला, पाहुण्याला, संचालकाच्या मेहुण्यालाही कर्ज मिळायचं, आणि ज्याची पेठेत ओळखच नाही असा दलित किंवा भूमिहीन माणूस या बँकांच्या काउंटरपाशी फारसा पोचलाच नाही. 'आपली बँक' म्हणताना त्यातलं 'आपली' किती जणांचं होतं हेही विचारायला हवं.

पहिली मोठी चाळणी 1960 मध्ये लागली. त्या वर्षी अकोल्याची लक्ष्मी बँक आणि पाठोपाठ केरळातली पालई सेंट्रल बँक बुडाली. रिझर्व्ह बँकेला सक्तीने विलीनीकरण करण्याचे अधिकार मिळाले आणि 1962 पासून ठेवींना विमा आला, तेव्हा दीड हजार रुपयांपर्यंत. देशात 1951 साली 566 व्यापारी बँका होत्या, 1969 मध्ये 89 उरल्या. आपल्या सहाही बँका मात्र या चाळणीतून वाचल्या. 1969 चं राष्ट्रीयीकरणही त्यांना लागलं नाही, कारण ते 50 कोटींच्या वर ठेवी असलेल्या बँकांपुरतं होतं. लहान असण्याचा एवढा एक फायदा त्यांना झाला. तोटा पुढे झाला. राष्ट्रीयीकृत बँकांनी त्याच पेठेत, त्याच चौकात शाखा उघडल्या आणि त्यांच्या पाठीशी सरकार होतं. मिरज स्टेट बँकेने त्या स्पर्धेत फारसा आवाज न करता मान टाकली.

कराडची गोष्ट वेगळी, आणि तिच्यापाशी जरा थांबायला हवं. कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या या गावाची बँक 1992 च्या रोखे घोटाळ्यात सापडली. त्या काळात बँका एकमेकींना सरकारी रोखे विकत, पण प्रत्यक्ष रोखे हातात नसले तर एक चिठ्ठी देत. तिचं नाव बँक रिसीट. 'आम्ही अमुक इतके रोखे विकले आहेत, आले की पोचते करू' असा तिचा आशय. तात्पुरत्या सोयीसाठी असलेली ही चिठ्ठी शेअर दलालांच्या हातात पैसे उचलण्याचं साधन बनली. मोठ्या बँकेने खोटी चिठ्ठी फाडणं जोखमीचं होतं. त्यासाठी छोटी, मुंबईत फारशी कोणी न पाहिलेली बँक सोयीची. बँक ऑफ कराडच्या नावाने रोख्यांचं पाठबळच नसलेल्या चिठ्ठ्या निघाल्या, तेही तिच्या भांडवलाच्या कित्येक पट रकमेच्या. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीच्या अहवालांत या चिठ्ठ्यांचा पसारा उघड झाला. बँक अवसायनात गेली आणि तिचा व्यवसाय पुढे बँक ऑफ इंडियाकडे आला.

कराडच्या शेतकऱ्याने पैसे बुडवले म्हणून ही बँक बुडाली नाही. ऊस, गूळ, सोनेतारण या तिच्या नेहमीच्या धंद्याचा या पतनाशी संबंध नव्हता. ज्या बाजारातलं तिला काही कळत नव्हतं, तिथे तिच्या नावाचा शिक्का वापरला गेला. गावच्या बँकांच्या पतनाच्या हकिकती चाळल्या तर ठेवी गावच्या आणि घोटाळा मुंबईचा, हा मामला वारंवार दिसतो. 2001 मध्ये अहमदाबादच्या माधवपुरा बँकेचं शेअर दलालापायी असंच झालं.

यानंतर नियम बदलले, आणि बदलायलाच हवे होते. भांडवल पर्याप्ततेचं प्रमाण आलं, नऊ टक्क्यांचं. बुडीत कर्ज कोणतं याची व्याख्या कडक झाली. वर्षानुवर्षं 'येतील हो पैसे' म्हणून चांगल्यात दाखवलेली कर्जं एका रात्रीत एनपीए ठरली. मग फेब्रुवारी 2005 मध्ये खासगी बँकांच्या मालकीविषयीची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत प्रत्येक खासगी बँकेचं किमान भांडवल 300 कोटी रुपये असावं असं म्हटलं होतं. तीसेक शाखांच्या गणेश बँकेला 300 कोटी हा आकडा म्हणजे फाशीचा हुकूमच.

कुरुंदवाडने मात्र सहज मान दिली नाही. जानेवारी 2006 मध्ये मोरॅटोरियम लागला आणि काही दिवसांतच केरळच्या फेडरल बँकेत विलीनीकरणाची योजना मंजूर झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. विलीनीकरण सप्टेंबरपर्यंत लांबलं, पण टळलं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या, एकेकाळच्या पटवर्धनी संस्थानाच्या गावातली बँक अलुवा इथे मुख्यालय असलेल्या बँकेच्या पोटात गेली. भाषा, पीक, पेठ, कशाचाच संबंध नाही. फेडरल बँकेला महाराष्ट्रात शाखा हव्या होत्या, त्या मिळाल्या.

ज्या दिवशी गणेश बँक फेडरलमध्ये गेली, त्याच दिवशी, 2 सप्टेंबर 2006 ला, युनायटेड वेस्टर्नवर मोरॅटोरियम लागला. हा धक्का मोठा होता. 230 च्या आसपास शाखा आणि नऊ राज्यांत पसारा असलेली ही बँक लहान म्हणण्याजोगी उरलीच नव्हती. साताऱ्यातल्या कित्येक घरांत नोकरी, पेन्शन, ठेव आणि शेअर, सगळं याच बँकेत. तिला घ्यायला अनेक बँका पुढे आल्या आणि राज्य सरकारच्या बाजूने सिकॉमनेही तयारी दाखवली. पण महिन्याच्या आत आयडीबीआयकडे ती सोपवली गेली, शेअरमागे 28 रुपये देऊन. बँक स्वतंत्र ठेवून तिच्यात भांडवल ओतण्याचा पर्याय आणखी थोडा तपासायला हवा होता, असं माझं मत आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. भांडवल कमी पडतंय हे बँकेला मोरॅटोरियमच्या दिवशी कळलं नव्हतं. नवा मोठा भागधारक आणायचा म्हणजे खुर्च्या सोडायच्या, आणि ते वेळेत झालं नाही. सांगली बँकेची मालकी तर मोजक्या हातांत होती. भांडवल कमी, बुडीत कर्जं जास्त, आणि सुमारे दोनशे शाखा. आयसीआयसीआयने रोख न देता शेअरच्या बदल्यात शेअर देऊन ती घेतली. विकत घेणाऱ्याला खरा रस होता तो शाखांच्या परवान्यांत.

या तिन्ही विलीनीकरणांत ठेवीदाराचा रुपयाही बुडाला नाही. रिझर्व्ह बँकेवर टीका करताना हे विसरून चालत नाही.

सहकारी बँकांच्या बाबतीत असं म्हणता येत नाही. याच खोऱ्यात नागरी सहकारी बँकांची दुसरी रांग समांतर वाढत होती. 1904 च्या कायद्यानंतर दोन वर्षांत पुण्यात कॉसमॉस, गोकाक आणि बेळगावात नागरी पतसंस्था, कोकणात कणकवलीला एक आणि वरवड्याच्या विणकरांची एक अशा संस्था निघाल्या. कराड अर्बन 1917 ची. तत्त्वतः सहकारी बँकेत ताब्याचा प्रश्न सुटलेला असतो, कारण प्रत्येक सभासदाला एक मत, शेअर कितीही असोत. पण भांडवलाची बाजू लंगडी. शेअर दर्शनी किमतीला घ्यायचा आणि सोडताना तेवढेच परत घ्यायचे, मग त्यात जास्त पैसा कोण घालणार? आणि एका मताचा नियम कागदावर राहून पॅनेल, पाहुणे आणि पक्ष यांच्या हातात बँक गेली की ताबाही मोजक्यांचाच होतो.

त्यावर 1966 पासूनचा दुहेरी अंमल. बँकिंग रिझर्व्ह बँकेकडे, निवडणुका-प्रशासन सहकार आयुक्तांकडे, आणि गळती लागली की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवणार. 1993 नंतर परवाने सढळ हाताने वाटले गेले. आठ वर्षांत 800 वर नव्या नागरी बँका निघाल्या आणि त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश थोड्याच काळात डबघाईला आल्या. ही चूक नियामकाची होती आणि तिची किंमत मोजली ठेवीदारांनी. 2004 मध्ये देशात 1,926 नागरी सहकारी बँका होत्या, आता दीड हजाराच्या आत आहेत. या खोऱ्यापुरतं बोलायचं तर डिसेंबर 2020 मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला. पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार 2013 मध्ये निर्बंध लागल्यापासून 2022 मध्ये परवाना रद्द होईपर्यंत नऊ वर्षं ताटकळले. व्यापारी बँक काही महिन्यांत संपते. सहकारी बँक मरायला दशक घेते आणि तोवर म्हाताऱ्या ठेवीदारांची औषधं थांबतात. विम्याची मर्यादा 2020 मध्ये पाच लाखांवर गेली आणि 2021 च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत ती रक्कम द्यायची सोय झाली. हे व्हायला आधी निर्बंधांत अडकलेल्या पीएमसी बँकेच्या दारात लोकांना रडावं लागलं.

मधल्या काळात लहान बँकेची कल्पना सरकारने स्वतःही करून पाहिली होती. 1996 मध्ये लोकल एरिया बँक नावाची योजना आली: लगतचे तीन जिल्हे, पाच कोटी भांडवल. देशात अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बँका निघाल्या, त्यांतली एक कोल्हापूरची सुभद्रा बँक. कराड जनताचा परवाना गेला त्याच महिन्यात सुभद्राचाही गेला, ठेवीदारांना देण्याइतके पैसे हाताशी असताना. जालंधरची कॅपिटल बँक तेवढी स्मॉल फायनान्स बँक होऊन मोठी झाली. म्हणजे इथेही तेच. टिकायचं तर लहान राहता येत नाही.

रत्नाकर बँक हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. 2010 नंतर तिथे नवं व्यवस्थापन आलं, बाहेरचं भांडवल आलं, 2014 मध्ये नाव आरबीएल झालं, 2016 मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली. ऑक्टोबर 2025 मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडीने सुमारे 26,850 कोटी रुपये गुंतवून 60 टक्क्यांपर्यंत हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. नोंदणीकृत कार्यालय कोल्हापूरचं, कारभार मुंबईचा, आणि त्या करारानुसार मोठा मालक दुबईचा. बाकीच्या पाच बँकांनी जे दार लावून ठेवलं ते हिने उघडलं, म्हणून ती जगली. कोल्हापूरच्या गूळ व्यापाऱ्याला त्याचा उपयोग किती, हा वेगळा प्रश्न.

त्या व्यापाऱ्याचं पुढे काय झालं ते पेठेत फिरलं की दिसतं. पगारदाराला काही अडत नाही. मोबाइलवर पंधरा मिनिटांत कर्ज मिळतं. अडतं ते पावत्या नसलेल्या, हंगामावर जगणाऱ्या, कागदावर गरीब आणि धंद्यात धडधाकट माणसाचं. तो आज सोनेतारण कंपनीकडे जातो, त्याची बायको मायक्रोफायनान्सच्या गटात असते, आणि त्याची पिग्मी पतसंस्थेत जाते. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिथल्या ठेवीला पाच लाखांचं विमासंरक्षण नाही आणि रिझर्व्ह बँकेची देखरेखही नाही. गावच्या बँका गेल्यावर गावची बचत अधिक असुरक्षित जागी सरकली, हा या सगळ्या कहाणीतला मला सर्वांत गंभीर वाटणारा परिणाम आहे.

त्यामुळे ज्या नागरी बँका अजून धड चालल्या आहेत त्या टिकणं गरजेचं आहे. बँकिंग नियमन कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेला त्यांच्या व्यवस्थापनावर अंकुश ठेवता आला, जादा किमतीने शेअर काढायची वाट उघडली, आणि 2024 मध्ये या बँकांसाठी शिखर संस्थाही सुरू झाली. कायद्याचं काम बऱ्यापैकी झालं. उरलं ते सभासदांचं. दरवर्षी सप्टेंबरअखेर सर्वसाधारण सभा होते. मांडवात भेटवस्तूचं कूपन मिळतं, व्यासपीठावरून विषय वाचला जातो, मागून 'मंजूर, मंजूर' असा गलका होतो आणि मंडळी जेवायला उठतात. तुम्ही अशा एखाद्या बँकेचे सभासद असाल तर यंदा अहवाल घरी आल्यावर लाभांशाच्या आधी निव्वळ एनपीएचा आकडा पाहा, सर्वांत मोठी वीस कर्जं एकूण कर्जाच्या किती टक्के आहेत ते विचारा, आणि त्यांतली किती तुमच्या जिल्ह्याबाहेर दिली आहेत तेही. उत्तर मिळेपर्यंत तो विषय मंजूर करू नका.